नंदामावशींच्या उशाला गोणपाट

८ जानेवारी, गुरुवार

आज शाळा भरलीच नाही. वैष्णवीची आई गेली.

सातच्या सुमाराला दूधवाला आमच्या दारात आला. गावात काही झालं की आधी आमच्याकडं येतात, अप्पा पोलीस पाटील आहेत म्हणून. म्हणाला, ओढ्याच्या पुलाजवळ बाई पडलीय, हालत नाय. अप्पा ओट्यावरच होते, कपडे घालून. लगेच उठले. आई नको म्हणत होती तरी मी मागं पळाले. धुकं एवढं होतं की अप्पांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती.

नंदामावशी. रस्त्याच्या कडेला उताण्या. कपाळाला थोडं रक्त, बाकी कुठं काही दिसत नव्हतं. डोळे मिटलेले.

मावशी रोज पहाटे फाट्यावरच्या हॉटेलात भांडी घासायला चालत जायच्या, तिथून नऊला शाळेत खिचडी शिजवायला. आम्ही नववीत, आम्हाला खिचडी नसते. तरी खरवड काढून ठेवायच्या आमच्या तिघांसाठी. वैष्णवी, मी, अरबाज.

वै. अनवाणी पळत आली. रडली नाही. आधी आईचा पदर सारखा केला.

जमादार नऊला आले. दहा मिनिटांत पंचनामा. "अज्ञात वाहन," असं लिहून घेतलं. अप्पांनी सही केली.


१० जानेवारी, शनिवार

वै.कडं गेले होते. वडील ती लहान असतानाच वारलेले, आता घरात ती एकटी. बेंबळीहून मामा आलेत, ते दारात बसून राहतात.

वै. भांडी घासत होती. घासलेलीच परत घासत होती. मी शेजारी बसले. मी पण एक तांब्या घासायला घेतला. मग ती म्हणली,

"मुक्ता, आईच्या डोक्याखाली काय होतं बघितलंस का?"

"गोणपाट."

"घडी घातलेलं. आणि चपला?"

मी आठवलं. चपला पायाशी होत्या, जोडीनं, देवळाबाहेर काढून ठेवतात तशा.

"गाडीनं उडवल्यावर चपला अशा ऱ्हातात का?" वै. म्हणली. "गोणपाट आमच्या घरचं नाय. कुणीतरी थांबलं होतं. खाली उतरून आईला नीट झोपवलं. आणि मग सोडून गेलं."

हे जमादारांना दिसलं कसं नाही. अप्पांना कसं दिसलं नाही.

अरबाजला सांगितलं. तो म्हणाला, उद्या रविवार, जाऊन बघू.


११ जाने., रवि.

तिघं पुलाजवळ गेलो. दुपारी, ऊन असताना.

अ.चे अब्बा रफिकचाचा, फाट्यावर त्यांचं गॅरेज. त्यामुळं अ.ला गाड्यांचं आमच्यापेक्षा जास्त कळतं. तो आधी रस्ता सोडून कडेची माती बघत बसला. मग आम्हाला बोलावलं. टायरचे ठसे. गाडी कडेला घेतलेली, मग मागं घेतलेली, मग वळवलेली.

"वळून कुठं गेली?" मी.

अ.नं हात केला. गावाकडं.

हायवेची गाडी असती तर गावाकडं कशाला वळली असती.

घाणेरीच्या झुडपात वै.ला एक तुकडा सापडला. नारिंगी, बोटाएवढा. इंडिकेटरची काच. आतल्या कडेला काळं काहीतरी चिकटलेलं. वै.नं तो रुमालात गुंडाळून माझ्याकडं दिला. म्हणली, तू ठेव, माझ्याकडं मामा सगळं उचकतात. माझ्या कंपासपेटीत ठेवलाय.

अप्पांना सांगावं का? वै. म्हणली, अजून नको, आधी नक्की कळू दे.


१२ जाने.

शाळा सुटल्यावर गॅरेजला. चाचा ट्रकखाली होते, बाहेर आले, हात पुसले. काच हातात घेतली.

"पिकअपची हाय. डावी," म्हणाले लगेच.

मग त्या काळ्या चिकटलेल्याकडं बघितलं. अंगठ्यानं चोळलं. किती वेळ चोळत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. वै.कडं नाही, माझ्याकडं.

"कुणाची असंल चाचा?" वै.नं विचारलं.

"गाड्या लई असतात बेटा." काच मला परत दिली. "अभ्यास करा. ह्याच्यात पडू नका."

येताना अ. म्हणाला, अब्बा असे कधी बोलत नाहीत. त्यांना कुणी गाडीचं विचारलं की तासभर सोडत नाहीत.


१४ जाने. संक्रांत

आईनं तिळगूळ केला. मी वै.कडं नेला नाही. तिच्याकडं सण नाही.

गावात पिकअप चार. यादी केली, वाटून घेतल्या. दोन अ.नं बघितल्या: दोन्हींचे इंडिकेटर जुने, फुटलेलं काही नाही. तिसरी वै.नं बघितली, ती महिनाभर चाकं काढून ठोकळ्यांवर उभी आहे. चौथी बापूकाकांची.

बापूकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. टोमॅटो घेऊन पहाटे सोलापूरला जातात, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. मला सायकल त्यांनी शिकवली. पडले तेव्हा अप्पांना कळू न देता दवाखान्यात नेलं.

गाडी दारात नव्हती. काकू म्हणाली, इंजिनचं काम निघालं, सोलापूरला ठेवलीय.

संध्याकाळी वै.नं विचारलं, चौथी बघितलीस का.

मी म्हणले, बघितली. काही नाही.

का म्हणले?


१५ जाने.

झोप नाही नीट. काका तसलं करणार नाहीत. माणूस पडलेला बघून सोडून जाणारे ते नाहीत. गाडी परत आली की बघेन, मग खोटं खोटं राहणार नाही.


१७ जाने., शनिवार

वै.च्या हातात दवाखान्याचा कागद आलाय. मामांना वाचता येत नाही, तिनंच वाचला. नंतर मला आणि अ.ला वाचून दाखवला, शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ. बरगड्या मोडलेल्या, पोटात आतल्या आत रक्त साठत गेलं. तिनं तुळजापूरला जाऊन डॉक्टरांना विचारलं होतं, म्हणजे लगेच गेली का. ते म्हणाले, नाही, तास-दीड तास असेल. वेळेवर आणलं असतं तर सांगता येत नाही.

"सांगता येत नाय," वै. परत परत तेच म्हणत होती. "म्हंजे वाचली असती."

अ. तोंड फिरवून उभा.

"आई तिथं पडून वाट बघत होती, मुक्ता. मी घरात झोपलेली होते."

मी तिचा हात धरला. माझा हात घामानं भिजला होता. तिच्या लक्षात आलं असेल का.


१८ जाने., रवि.

काकांची गाडी आली.

पुढचं बंपर नवं. दोन्ही इंडिकेटर नवे, चकचकीत.


१९ जाने.

काही लिहायचं नाही.


२० जाने., मंगळ.

शाळा बुडवून काकांच्या रानात गेले. ते टोमॅटोच्या ताट्या बांधत होते. मला बघून हसले नाहीत. बारीक झालेत. दाढी वाढलीय.

कंपासपेटी उघडली आणि काच पुढं धरली.

ते खाली बसले. सुतळीचा गुंडा हातातच.

"कुठं घावली?"

"पुलाजवळ. काका, तुम्ही होता ना?"

बांधावरनं कुणीतरी बैल घेऊन गेलं तेव्हा ते गप्प राहिले, पुढं गेल्यावर बोलले.

"धुकं होतं. एकदम पुढ्यात आली. म्या ब्रेक मारला."

"मावशी बोलत होत्या का?"

"व्हय."

"काय म्हणल्या?"

"म्हणली, बापू, मला उठीव."

मी बांधावर जाऊन पाठ करून उभी राहिले. काकांनी पाण्याची बाटली दिली, मी घेतली नाही.

"उचलली म्या. कडेला ठिवली. पाणी पाजलं. डोक्याखाली गोणपाट दिलं. गाडीत मागं सगळी टोमॅटोची कॅरेटं होती गं."

"पुढं बसवायचं."

"त्या टायमाला सुचलं न्हाय." मग म्हणाले, "दादाला आणावं म्हणलं. दादाला कळतंय सगळं. घरी आलो. दादा म्हणले, तू गाडी घिऊन सोलापूरला जा, मी बघतो. मला वाटलं, दादा अँब्युलन्स बोलिवतील. देवाशप्पथ, मला तसंच वाटलं."

दादा म्हणजे माझे अप्पा.

"किती वाजले होते?"

"सहाला पाच-धा मिनटं कमी."

दूधवाला सातला आला. अप्पा ओट्यावर होते, कपडे घालून.


२१ जाने.

अप्पांच्या ताटात आईनं भाकरी वाढली. अप्पा म्हणाले, मीठ कमी पडलंय. मी त्यांच्या हाताकडं बघत होते.


२३ जाने., शुक्र.

वै.ला टाळतेय. मधल्या सुट्टीत वर्गातच बसते.

अ.नं गाठलं. म्हणाला, "तुला कळलंय ना?"

मी वही उघडली.

"दिवाळीत तुझ्या काकांच्या इंडिकेटरला तडा गेला होता. अब्बांनीच सिलिकॉन भरलं होतं, काळं. त्यांनी त्या दिवशीच ओळखलं."

"मग बोलले का नाहीत?"

"मी पण तेच विचारलं. भांडलो. अब्बा म्हणले, आपण बोललो तर उद्या गॅरेज ऱ्हायचं न्हाय, पाटलाचं घर हाय. मग म्हणले, ती पोरगी रोज दारावरनं जाती, मला तिच्याकडं बघवत न्हाय." मग तोच म्हणाला, "तीन दिवस जेवले नाहीत नीट."

मी त्याला अप्पांचं सांगितलं. पहिल्यांदा मोठ्यानं बोलले ते. अ. खाली बसला.

"वैष्णवीला कोण सांगणार?" तो म्हणाला.

"मी."

"कवा?"

वै.चे मामा तिला बेंबळीला नेणार आहेत, शाळा बास म्हणतात. महिनाअखेर.


२६ जाने., सोमवार

झेंडावंदन. अप्पा पाहुण्यांच्या खुर्चीवर. हेडसरांनी नंदामावशींसाठी दोन मिनिटं उभं राहायला लावलं. मग वै.ला पुढं बोलावलं, गावाच्या वतीनं साडी आणि दप्तर. ते अप्पांच्या हस्ते.

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरी, गाव तुझ्या पाठीशी हाय." आवाज जड होता. खोटा नव्हता तो आवाज, हेच मला सहन होईना. वै. त्यांच्या पाया पडली.

कार्यक्रम संपल्यावर तिला टाकीजवळ घेऊन गेले. अ. पण आला, लांब उभा राहिला. सगळं सांगितलं. काका, गोणपाट, पाणी, मावशी काय म्हणल्या ते. अप्पा. सहाला पाच-दहा कमी. सात.

दप्तर तिच्या मांडीवर होतं. ते तिनं बाजूला ठेवलं, हळू, काही सांडेल असं.

"चौथी गाडी बघितली म्हणलीस."

"हो."

"कवा कळलं तुला?"

"वीस तारखेला."

"आज सव्वीस." मग म्हणली, "आत्ता मी त्यांच्या पाया पडले."

उठून गेली. साडी, दप्तर तिथंच. मी उचललं नाही. अ.नं उचललं, कुठं ठेवलं माहीत नाही.


२७ जाने.

वै. शाळेत नाही.


२८ जाने., बुध.

अप्पांना विचारलं. दुपारी, आई चुलीपुढं होती, ऐकत होती.

"तुम्ही ओट्यावर बसून काय करत होता?"

आधी म्हणाले, काय बोलतीस. मग मी काच दाखवली. मग टोपी हातात घेऊन बसले.

"फोन हातातच होता माझ्या," म्हणाले. "लावला असता तर पहिलं विचारलं असतं, पाटील, तुम्हाला कसं कळलं. बापू अडकला असता. त्याची पोरं दोन-तीन वर्षांची हायेत."

"मग?"

"दूधवाला सातला येतो त्या रस्त्यानं. त्याला दिसंल म्हणलं."

"तोपर्यंत?"

"मला वाटलं गेलीच असंल."

"काकांनी सांगितलं ना तुम्हाला, बोलतीय म्हणून."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

चुलीवर भाकरी करपली. आईनं ती काढली नाही. करपू दिली. अप्पा उठून बाहेर गेले, जाताना म्हणाले, "तू लहान हायस. एकदा लिहून दिलं की खोडता येत न्हाय."

आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यांच्याशी पण नाही.


३० जाने., शुक्र.

वै. स्वतः आली. घरात नाही, गल्लीच्या तोंडाला उभी राहिली आणि अ.ला पाठवलं.

डोळे सुजलेले. माझ्याकडं न बघता म्हणली, "मामा परवा न्यायला येणार. त्याच्या आधी ठाण्यात जायचंय. काच तुझ्याकडं हाय. काय ऐकलं ते तुझ्याकडं हाय. येणार का न्हाय तेवढं सांग."

"येणार."

"मी तुला माफ केलेलं न्हाय."

"माहीत आहे."

"उद्या धाला फाट्यावर."


३१ जाने., शनिवार

चाचा आले. ठाण्यात कुणी मोठं माणूस सोबत न्यायचं का, ते आम्ही ठरवलंच नव्हतं. ते गॅरेजचं शटर खाली ओढून उभे होते, धुतलेला शर्ट घालून. म्हणाले, चला. अ. त्यांच्या शेजारी जाऊन बसला जीपमध्ये.

ठाण्यात तेच जमादार. मला ओळखलं.

"पाटलांची ना तू? अप्पांना माहीत हाय का आलेलं?"

"माहीत आहे," मी म्हणले.

हसण्यावारी नेत होते. घरगुती भांडण असंल तर घरी मिटवा, म्हणाले. तेव्हा वै.नं दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला. ते टेकून बसले होते, सरळ झाले. चाचा म्हणाले, "इंडिकेटर मी बसवलेलं. लिहून देतो. पहिल्या दिवशीच द्यायला पायजे होतं, ते पण लिहा."

आतल्या फौजदार मॅडम आल्या. माझ्याशी वेगळं बोलल्या. दोन तास. काका, काकू, सायकल, सगळं आलं तोंडातून. अप्पांचं सांगताना मी टेबलाकडंच बघत होते, त्यांनी पाणी दिलं, घाई केली नाही. काच पाकिटात घालून वर लाखेचा शिक्का मारला.

म्हणाल्या, तू अल्पवयीन आहेस. परत बोलावू, तेव्हा आई नाहीतर वडील सोबत पाहिजेत. जबाब परत वाचून दाखवायचा, मग सही.

येताना वै. पुढं बसली. मी मागं. अणदूरजवळ तिनं न वळता विचारलं,

"आई पाणी प्याली का? तुझा काका काय म्हणला?"

"पाजलं म्हणाले."

"बरं," म्हणली.


१ फेब्रु., रवि.

मामा आले. वै. गेली नाही. हेडसरांनी मामांना थांबवलं, दहावीपर्यंत शेजारच्या काकूंकडं राहील म्हणून. मामा तयार झाले की नुसते परत गेले, कळलं नाही. ट्रंक भरलेलीच आहे तिची.


२ फेब्रु.

काकांचा फोन बंद. गाडी दारात, काका नाहीत. काकू आमच्या दारात येऊन बसली, लहान पोरगं मांडीवर. मला म्हणाली, "तुला न्हाऊ घातलं त्यानं लहानपणी." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अप्पा सकाळीच तुळजापूरला गेले. वकिलाकडं, देवीला, का ठाण्यात, कुणाला सांगितलं नाही. टोपी घालून गेले नाहीत. खुंटीवर आहे.

शाळेत कुणी माझ्याशेजारी बसलं नाही. अ. उठून येऊन बसला. खिचडीला नवीन बाई आल्यात.


३ फेब्रु., मंगळवार

अप्पा आले नाहीत अजून.

चारला ठाण्यातून एक शिपाईबाई आली. उद्या अकरा वाजता जबाबावर सही. आई नाहीतर वडील, आधार कार्ड घेऊन. आई दारातच उभी होती. शिपाईबाई तिला म्हणाली, "विचार करून या. वाचून दाखवल्यावर काय बदलायचं असंल तर उद्याच बदलता येतंय."

आईनं मान हलवली.

सहा दिवस आई माझ्याशी बोलली नाही. शिपाईबाई गेल्यावर मी पुस्तक घेऊन बसले. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज. आई बाहेर आली ती हिरवी साडी हातावर घेऊन. लग्नकार्याला नेसते ती नाही, बँकेत जाताना नेसते ती. अंथरुणावर पसरून हातानंच सुरकुत्या काढत बसली.

"उद्या मी येते," म्हणली.

मी म्हणले, "बरं."

वाचताना ती शेजारी बसणार. अप्पांचं नाव येईल तेव्हा ती काय करेल. मला विचारायचं होतं.

साडीची घडी घालून झाली. आधार कार्ड शोधलं, पदराच्या टोकानं पुसलं. मग दारापर्यंत जाऊन रस्त्याकडं बघून आली आणि तिथूनच, माझ्याकडं पाठ करून, विचारलं,

"सही निळ्या पेनानं चालती का काळ्या?"